बेरा ‘नॉर्मल’ आला, म्हणजे श्रवणाच्या नसेवर लहान गाठ नाही असे समजावे का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, आणि इतर वाचकांना पुढचे कळावे म्हणून तो आधी थोडक्यात मांडतो. तुमचे वय 44. आठ महिन्यांपासून डाव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज सतत येतो आणि त्या कानाला फोन लावला की बोलणे ऐकू येते, पण शब्द नीट उमगत नाहीत. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, 2000 हर्ट्झपर्यंत दोन्ही कान जवळपास सारखे आहेत (यात डेसिबलचा आकडा जितका मोठा तितके ऐकणे कमी). 4000 हर्ट्झला उजवा कान 20 आणि डावा 45 डेसिबलवर, तर 8000 हर्ट्झला उजवा 30 आणि डावा 55 डेसिबलवर आहे. शब्द ओळखण्याच्या चाचणीत उजव्या कानाला 96 टक्के आणि डाव्याला 84 टक्के गुण आहेत. नंतर बेरा झाला, म्हणजे आवाजाला श्रवणाची नस आणि मस्तिष्कस्तंभ (मेंदूचा बुंधा) किती वेळात प्रतिसाद देतात हे मोजणारी चाचणी. त्यात पाचव्या लहरीचा विलंबकाळ उजवीकडे 5.66 आणि डावीकडे 5.80 मिलिसेकंद, पहिल्या ते पाचव्या लहरीतले अंतर 4.04 आणि 4.14 मिलिसेकंद, आणि खाली ‘नॉर्मल’ असा शेरा. एका डॉक्टरांनी सांगितले की बेरा नॉर्मल आहे, गाठ नाही, निर्धास्त राहा. दुसऱ्यांनी सांगितले की तरीही एमआरआय करून घ्या. शिवाय ‘स्टॅक्ड एबीआर’ (एबीआर हे बेराचेच दुसरे नाव) नावाच्या चाचणीत लहान गाठीही सापडतात असे तुमच्या वाचनात आले आणि ती करून एमआरआय टाळता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे आणि बावीस वर्षे बेराच्या लहरी वाचतो आहे. शस्त्रक्रिया किंवा औषधोपचार हे माझे क्षेत्र नाही, म्हणून त्याबद्दल जेवढे बोलेन तेवढे चाचणीच्या अनुषंगानेच बोलेन. तुमचा शब्दशः प्रश्न बेरा बरोबर की चूक असा आहे. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. या चाचणीला नेमके काय दिसते, काय दिसू शकत नाही, आणि जे दिसू शकत नाही त्याची शक्यता तुमच्या बाबतीत दुर्लक्ष करण्याइतकी लहान आहे का, हे ठरवायचे आहे. तुमचा बेरा माझ्या नजरेलाही नॉर्मलच आहे. त्यावरून ‘गाठ नाही’ हा निष्कर्ष मात्र निघत नाही.

ज्या गाठीबद्दल आपण बोलतो आहोत तिला जुन्या सवयीने ‘अकूस्टिक न्यूरोमा’ म्हणतात, पण बहुतेक वेळा ती श्रवणाच्या नसेची नसून तिच्या शेजारच्या, तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातील, श्वान या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशींपासून वाढते, म्हणून तिचे आजचे नाव ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ असे आहे. ती कर्करोगाची गाठ नसते. आंतरकर्णातून मेंदूकडे जाणाऱ्या हाडातल्या एका अरुंद नलिकेत श्रवणाची एक, तोलाच्या दोन आणि चेहऱ्याची एक अशा चार नसा एकमेकींना खेटून असतात. तिथे जागा इतकी कमी असते की पाच-सहा मिलिमीटरची गाठसुद्धा शेजारच्या श्रवणनसेवर किंवा तिच्या रक्तपुरवठ्यावर दाब आणू शकते. एकाच कानात आवाज येणे, एकाच कानाची श्रवणशक्ती घटणे आणि ऐकू येऊनही शब्द न उमगणे ही लक्षणे यातून येतात. मात्र हीच लक्षणे गाठीखेरीज इतर अनेक साध्या कारणांनी येतात, आणि तीच कारणे कितीतरी अधिक आढळतात.

आता बेराकडे वळू. कानात प्रत्येकी 100 मायक्रोसेकंदांचे टकटक आवाज सोडले जातात आणि डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून नसेचा व मस्तिष्कस्तंभाचा विद्युत प्रतिसाद टिपला जातो. एका आवाजाचा प्रतिसाद मायक्रोव्होल्टच्या अंशाइतका क्षीण असल्याने असे एक-दोन हजार प्रतिसाद मिळवून त्यांची सरासरी काढतात, तेव्हा पहिल्या दहा मिलिसेकंदांत काही लहरी उमटतात. ज्युएट आणि विलिस्टन यांनी 1971 मध्ये या लहरींचे जे वर्णन केले त्यातले क्रमांक आपण आजही वापरतो. पहिली लहर नसेच्या कानाकडील टोकाची असते आणि पाचवी मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागातली. मधल्या वाटेवर नसेला कुणी दाबत असेल तर संदेश पोचायला उशीर होईल, हे या चाचणीचे मूळ तर्कशास्त्र आहे. 1977 मध्ये लॉस एंजेलिसच्या सेल्टर्स आणि ब्रॅकमन यांनी त्याला व्यवहारी रूप दिले: दोन्ही कानांच्या पाचव्या लहरींत 0.2 मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तर संशय घ्या, आणि 4000 हर्ट्झला श्रवणहानी 50 डेसिबलच्या पुढे असेल तर पुढच्या प्रत्येक 10 डेसिबलमागे 0.1 मिलिसेकंद वजा करा. तुमच्या डाव्या कानाची हानी 45 डेसिबलच असल्याने काही वजा करावे लागत नाही, 5.80 आणि 5.66 यांतला फरक 0.14, म्हणजे मर्यादेच्या आत.

इथे एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. 0.14 आणि 0.2 यांच्यात 0.06 मिलिसेकंदांचे अंतर आहे. पाचवी लहर पडद्यावर नेहमी टोकदार येत नाही. कधी तिचा माथा सपाट असतो, कधी चौथी आणि पाचवी लहर एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि रुग्णाची मान किंवा जबडा आवळलेला असेल तर सगळा आलेख थरथरतो. अशा वेळी लहरीच्या माथ्यावर खूण कुठे ठेवायची हे माझ्यासारखा माणूस ठरवतो, आणि दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टने तीच खूण थोडी पुढे ठेवली तर त्याला चूक म्हणता येणार नाही. म्हणून मी प्रत्येक कानाचे किमान दोन आलेख घेतो आणि ते एकमेकांवर बसतात का हे पाहतो. तुमच्या अहवालाबरोबर आलेखाची छापील प्रत मिळाली असेल तर असे दोन-दोन आलेख त्यावर आहेत का ते पाहा. नसतील, तर ‘नॉर्मल’ या शेऱ्याचे वजन माझ्या दृष्टीने आणखी थोडे कमी होते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बेराची ख्याती अशी होती की शंभरातल्या पंचाण्णवाहून अधिक गाठी त्यात पकडल्या जातात. ती ख्याती खोटी नव्हती. त्या काळी ज्या गाठी सापडत त्या बहुतेक मोठ्या असत, कारण लहान गाठ दाखवणारे सोयीचे साधनच हाती नव्हते, आणि मोठी गाठ बेरातून सहसा सुटत नाही. पुढे एमआरआय आला, 1988 मध्ये अमेरिकेत गॅडोलिनियम या गाठ उठून दिसायला मदत करणाऱ्या द्रव्याच्या इंजेक्शनाला मान्यता मिळाली आणि नलिकेच्या आतल्या काही मिलिमीटरच्या गाठी दिसू लागल्या. मग त्याच रुग्णांचे बेरा तपासल्यावर ते अनेकांत नॉर्मल निघाले. चाचणी तीच होती. तिची परीक्षा मात्र पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने लहान गाठींवर होऊ लागली होती. 1992 च्या विल्सन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात पूर्णपणे नलिकेच्या आत असलेल्या 15 गाठींपैकी 5 रुग्णांचा बेरा नॉर्मल होता. 2001 मध्ये श्मिट आणि सहकाऱ्यांनी 58 रुग्ण तपासले, तेव्हा दीड सेंटीमीटरहून मोठ्या सर्व गाठींत बेरा बिघडलेला होता, पण एक सेंटीमीटरहून लहान गाठींत तो 58 टक्क्यांतच बिघडलेला सापडला. सगळेच अभ्यास इतके निराशाजनक नाहीत. 2013 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा लहान गाठींसाठी सुमारे 86 टक्के होता. हा फरक कुणाच्या निष्काळजीपणामुळे पडत नाही. कोणते रुग्ण घेतले, त्यांचे ऐकणे किती होते, मर्यादा 0.2 धरली की 0.3, यावर तो अवलंबून असतो. एवढे मात्र सगळीकडे सारखे आहे की गाठ जितकी लहान तितका बेरा कमी भरवशाचा.

असे का होते हे समजले तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे स्टॅक्ड एबीआरचे, उत्तरही समजेल, म्हणून इथे थोडे थांबतो. आंतरकर्णातला कॉक्लिया गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला असतो. ध्वनीची लाट त्याच्या तोंडाशी शिरते आणि टोकाकडे जाते. तोंडाशी उंच सुरांचे तंतू असतात आणि टोकाशी खालच्या सुरांचे. तोंडाजवळचे तंतू सर्वांत आधी आणि जवळजवळ एका क्षणी उत्तर देतात. टोकाकडचे तंतू काही मिलिसेकंदांनी उशिरा आणि मागेपुढे उत्तर देतात.

पुण्याच्या मिरवणुकीतले ढोलपथक डोळ्यांसमोर आणा. टिपरू उंचावल्याचा इशारा पहिल्या रांगेला लगेच दिसतो आणि तिचा ठोका एकदम पडतो. मागच्या रांगांपर्यंत इशारा झिरपत जातो आणि त्यांचे ठोके एकामागून एक, एकमेकांत विरत पडतात. आता चौकात उभ्या असलेल्या माणसाला विचारले की ठोका केव्हा पडला, तर तो पहिल्या रांगेची वेळ सांगेल. मागच्या रांगांतले निम्मे वादक घरी गेले असले तरी त्याच्या उत्तरात फरक पडणार नाही.

बेराची पाचवी लहर केव्हा आली हे विचारणे म्हणजे नेमके तेच विचारणे होय. आपण क्षण मोजतो, आणि तो क्षण प्रामुख्याने उंच सुरांच्या तंतूंनी ठरवलेला असतो. मोठी गाठ सगळ्याच तंतूंना दाबते, म्हणून उशीर दिसतो. लहान गाठीने श्रवणनसेच्या सुमारे 30,000 तंतूंपैकी काहींनाच धक्का लावला आणि त्यांत उंच सुरांचे तंतू पुरेसे वाचले, तर लहर वेळेवर येते आणि अहवालात ‘नॉर्मल’ लिहिले जाते.

लॉस एंजेलिसच्या हाऊस इअर इन्स्टिट्यूटमध्ये मॅन्युएल डॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच उणिवेवर काम केले आणि 1997 मध्ये स्टॅक्ड एबीआरचे पहिले निकाल मांडले. त्यांनी प्रश्नच बदलला: ठोका केव्हा पडला हे न विचारता एकूण किती वादक वाजवत आहेत हे विचारायचे. टकटक आवाजाबरोबर कानात खरखर सोडायची आणि ती 8000, 4000, 2000, 1000 आणि 500 हर्ट्झ अशा पायऱ्यांनी खाली आणत एकेक पट्टा झाकत जायचे. खरखरीविना एक आणि खरखरीसह पाच अशी सहा ध्वनिमुद्रणे होतात. लागोपाठच्या दोघांची वजाबाकी केली की कॉक्लियाच्या पाच पट्ट्यांचे वेगवेगळे प्रतिसाद हाती येतात. मग प्रत्येक पट्ट्याची पाचवी लहर सरकवून सगळ्यांचे माथे एका रेषेत आणायचे आणि बेरीज करायची. ढोलपथकाच्या भाषेत, प्रत्येक रांगेचे ध्वनिमुद्रण वेगळे घेऊन सगळ्यांचे ठोके एका क्षणावर बसवायचे आणि मग एकूण आवाज मोजायचा. कोणत्याही रांगेतले वादक कमी असले तरी बेरीज घटते. विलंबाऐवजी उंची मोजण्याची ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते, कारण तिने बेराचा दोष नेमका कुठे आहे हे दाखवून दिले.

2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात लहान गाठींचे 54 रुग्ण आणि गाठ नसलेले, चांगले ऐकणारे 78 लोक होते. निवडलेल्या मर्यादेवर 95 टक्के गाठी पकडल्या गेल्या आणि गाठ नसलेल्यांपैकी 88 टक्के लोक योग्य रीतीने वगळले गेले. आकडे आकर्षक आहेत. पण तुलनेसाठी घेतलेले लोक चांगले ऐकणारे होते, या मुद्द्याकडे तुमचे लक्ष वेधावेसे वाटते. माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसणारा माणूस मुळात एका कानाने कमी ऐकतो म्हणूनच आलेला असतो. कॉक्लियातल्या, ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी झिजल्या तरी त्या पट्ट्याचा प्रतिसाद घटतो, आणि बेरीज घटलेली दिसल्यावर ती गाठीमुळे घटली की झिजेमुळे, हे उंची सांगू शकत नाही. तुमच्या डाव्या कानाची 4000 हर्ट्झच्या पुढे हानी आहेच. तिथले दोन पट्टे गाठ नसतानाही लहान येऊ शकतात.

शिवाय लहरीची उंची माणसागणिक फार बदलते, स्त्रियांत ती सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असते, आणि आलेखात थोडाही स्नायूंचा गोंधळ असला तर बेरीज फसवी येते. सहाही ध्वनिमुद्रणे अत्यंत स्वच्छ हवीत, म्हणजे रुग्ण गाढ शांत किंवा झोपलेला हवा, वेळ भरपूर हवा, आणि करणाऱ्याचा हात त्यात रुळलेला हवा. मी माझ्या केंद्रात ती चाचणी निदानासाठी करत नाही, कारण माझ्याकडे आमच्या यंत्रावर, आमच्या लोकांवर घेतलेली तुलनेची मोजमापे नाहीत, आणि त्यांच्याविना दिलेला निष्कर्ष मला प्रामाणिक वाटणार नाही. तुमच्या जवळ कुणी ती करत असेल तर दोन्ही कानांची तुलना कशाच्या आधारे करतात हे जरूर विचारा. पण एमआरआय शक्य असताना ती शोधत हिंडण्यात तुमचा वेळ जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

आता तुमच्या शक्यतेकडे येऊ. एका बाजूची श्रवणहानी घेऊन एमआरआयला जाणाऱ्यांत गाठ सापडण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे शंभरात एक ते तीन इतके असते. हिशेबासाठी 1000 जण घेऊ आणि त्यांत 20 जणांना गाठ आहे असे धरू. बेरा त्यांतल्या 80 टक्के पकडतो असे मानले तर 16 सापडतील आणि 4 सुटतील. गाठ नसलेल्या 980 जणांपैकी साधारण 82 टक्के, म्हणजे 804 जणांचा बेरा नॉर्मल येईल आणि 176 जणांना विनाकारण धास्ती बसेल. म्हणजे नॉर्मल बेरा हातात असलेले एकूण 808 आणि त्यांत गाठ असलेले 4: दोनशेत एक. गृहीतके बदलली तर हा आकडा बदलेल, पण त्याचा अर्थ दोन्ही दिशांनी वाचला पाहिजे. निर्धास्त राहा म्हणणारे डॉक्टर बेजबाबदार नाहीत. नॉर्मल बेराने तुमची शक्यता खरोखरच शंभरात दोनवरून दोनशेत एकवर आणली. अचानक आलेल्या श्रवणहानीबद्दलच्या 2019 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांतही एमआरआय किंवा एबीआर, दोहोंपैकी एक चालेल असेच म्हटले आहे. आणि दुसरे डॉक्टरही उगाच भीती घालत नाहीत, कारण दोनशेत एक म्हणजे शून्य नव्हे.

या दोघांत मी दुसऱ्यांच्या बाजूने झुकतो. त्याची कारणे तुमच्याच आकड्यांत आहेत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2018 च्या सूचनांनुसार लागोपाठच्या दोन वारंवारितांवर 15 डेसिबल किंवा अधिक फरक असेल तर एमआरआयचा विचार करावा. तुमच्याकडे 4000 आणि 8000 या दोन्हींवर 25 डेसिबलचा फरक आहे. दुसरे असे की मोठ्या आवाजामुळे कान बिघडला असता तर बहुधा 4000 च्या आसपास खड्डा पडून 8000 ला आलेख पुन्हा थोडा वर आला असता. ताशा वाजवणाऱ्या तरुणांचे, गिरणीत किंवा ट्रॅक्टरवर काम करणाऱ्यांचे असे आलेख मी नेहमी पाहतो. तुमचा आलेख वर न येता उतरतच गेला आहे, आणि मोठ्या आवाजात काम केल्याचा उल्लेखही तुम्ही केलेला नाही. तिसरे, आवाज फक्त एकाच कानात आहे. चौथे, शब्द ओळखण्यातला 12 टक्क्यांचा फरक एकट्याने फारसे सांगत नाही, कारण 25 शब्दांच्या यादीत तो अवघ्या तीन शब्दांचा असतो. पण बाकीच्यांच्या जोडीला तो आला की मी त्याची नोंद घेतो.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकाबाईंचा बेरा मी केला होता. फरक 0.1 मिलिसेकंदांचा, आलेख सुरेख, आणि मी अहवालात लिहिले, ‘मज्जातंतूच्या विकाराचा पुरावा नाही.’ त्या वाक्याचा अर्थ त्यांनी ‘विकार नाही’ असा घेतला, आणि तसा घेणे स्वाभाविकच होते. दीड वर्षाने आवाज वाढला म्हणून एमआरआय झाला, तेव्हा नलिकेत सहा मिलिमीटरची गाठ होती. त्यांचे फार नुकसान झाले नाही, पण त्या दीड वर्षात शब्द ओळखण्याचे गुण बरेच घसरले होते, आणि आधी कळले असते तर निदान त्यांना निर्णयाची संधी तरी मिळाली असती. तेव्हापासून मी अहवालात लिहितो की विलंबकाळ मर्यादेत आहे, मात्र या चाचणीने एक सेंटीमीटरपेक्षा लहान गाठ वगळता येत नाही. हे वाक्य लांब आहे, पण ते खरे आहे. याच्या उलट अनुभवही सांगायला हवा. एका दुकानदारांची उंच सुरांची हानी 70 डेसिबलच्या पुढे होती, बेरामध्ये पाचवी लहर उशिरा आली आणि एमआरआय होईपर्यंतचे दोन आठवडे त्या कुटुंबाला झोप लागली नाही. एमआरआय पूर्ण स्वच्छ होता. इतक्या हानीत बेरा कोणत्याच बाजूने खात्रीचे बोलत नाही, आणि तिथे तो करणेच मी आता टाळतो.

एमआरआय करायचे ठरवलेत तर चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय ब्रेन’ लिहिलेले नसावे, एवढी काळजी घ्या. सर्वसाधारण मेंदूच्या तपासणीतले काप काही मिलिमीटर जाडीचे असतात आणि चार-पाच मिलिमीटरची गाठ त्या दोन कापांच्या मध्ये हरवू शकते. माझ्याकडे एक रुग्ण असा ‘नॉर्मल’ एमआरआय घेऊन आले होते. वर्षभराने नलिकेचे बारीक काप घेतल्यावर गाठ दिसली, आणि मागे वळून पाहता ती आधीही असणार हे उघड होते. तुमच्या ईएनटी डॉक्टरांना चिठ्ठीवर ‘इंटर्नल ऑडिटरी कॅनाल’ आणि ‘एक मिलिमीटरपेक्षा पातळ टी-टू काप’ असे स्पष्ट लिहून द्यायला सांगा. सिस किंवा फिएस्टा या नावांचे हे काप इंजेक्शनाशिवायच घेतले जातात आणि त्यांत जवळजवळ सगळ्या गाठी दिसतात. शंका उरली तर गॅडोलिनियम देऊन पक्के करतात. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असेल तर इंजेक्शनापूर्वी तसे आवर्जून सांगा. खर्चाचा प्रश्न खरा आहे आणि मी तो लहान मानत नाही. बाहेरगावी जाऊन एमआरआय करणे म्हणजे एक दिवसाची मजुरी किंवा रजा, सोबतीला एक माणूस आणि बेराच्या कितीतरी पट पैसे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तो खाजगी केंद्रापेक्षा स्वस्त पडतो, मात्र थांबावे लागते. तुमच्या बाबतीत काही आठवडे थांबल्याने बिघडणार नाही.

ज्यांना एमआरआय करताच येत नाही, म्हणजे ज्यांच्या शरीरात एमआरआयला न चालणारा पेसमेकर आहे किंवा यंत्राच्या बोगद्यात ज्यांचा जीव इतका घाबरतो की झोपताच येत नाही, त्यांच्यासाठी बेरा आजही माझ्या हातातले चांगले साधन आहे. मेंदूवर दाब आणण्याइतकी मोठी गाठ त्यातून सुटणे कठीण असते, आणि तातडीचा धोका त्याच गाठींचा असतो. सत्तरीच्या पुढच्या व्यक्तीत, जिथे लहान गाठ सापडली तरी नुसते लक्ष ठेवले जाणार आहे, तिथेही नॉर्मल बेरा आणि दर सहा महिन्यांनी ऑडिओग्राम ही वाट मला समंजस वाटते. तुम्ही 44 वर्षांचे आहात, डाव्या कानात अजून 84 टक्के शब्द उमगतात, म्हणजे जपण्यासारखे बरेच काही शिल्लक आहे. म्हणून तुम्हाला मी तो सल्ला देत नाही.

समजा गाठ सापडलीच, तर लगेच शस्त्रक्रिया हा त्याचा अर्थ होत नाही. डेन्मार्कमध्ये 552 रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून 2006 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत नलिकेच्या आत असलेल्या गाठींपैकी 17 टक्केच वाढल्या. नलिकेबाहेर आलेल्यांपैकी 29 टक्के वाढल्या. त्यामुळे लहान गाठीत ठरावीक काळाने एमआरआय करत राहणे हा अनेकदा पहिला पर्याय असतो, आणि वाढ दिसली तर किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. पण गाठ वाढली नाही तरी ऐकणे हळूहळू कमी होऊ शकते, हे खरे आहे. म्हणूनच आजचा तुमचा ऑडिओग्राम आणि शब्दांचे गुण हा उद्याच्या तुलनेचा पाया आहे.

तोवर काही गोष्टी घडल्या तर मात्र आठवडे थांबू नका. डावा कान एका दिवसात अचानक बंद झाला तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईएनटी डॉक्टरांकडे जा, कारण स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो. आणि त्या औषधाने कान पूर्ववत झाला तरी एमआरआय रद्द करू नका, कारण गाठीमुळे गेलेले ऐकणेही कधीकधी स्टेरॉइडने परत येते. चेहऱ्याच्या एका बाजूला बधिरपणा, चालताना झोक जाणे किंवा सकाळी उलटीसह डोके दुखणे ही लक्षणे असतील तर एमआरआय तातडीने हवा, मग बेरा काहीही म्हणो.

एमआरआय स्वच्छ आला, आणि शक्यता त्याचीच जास्त आहे, तरी सहा महिन्यांनी ऑडिओग्राम पुन्हा करून घ्या, शक्यतो त्याच केंद्रात आणि त्याच शब्दयादीवर, म्हणजे फरक कानातला आहे की यंत्रातला हा प्रश्न उरणार नाही. बेराच्या आलेखाची छापील प्रत आणि एमआरआयची सीडी घरी जपून ठेवा. कानातल्या आवाजाचा झोपेवर परिणाम होत असेल तर त्यावर वेगळे उपाय आहेत. एमआरआय झाल्यावर त्याचा निकाल इथेच कळवा, मग त्याबद्दल सविस्तर लिहीन.